डायनामोला पाजलेलं तेल

सायकलच्या डायनामोला मी एकदा करडईचं तेल पाजलं. नव्वद सालानंतरची गोष्ट, वय चाळिशीला टेकलेलं, अक्कल तेवढी माहेरीच राहिलेली. आमचे मालक रात्री सायकलचा दिवा लावून आले की डायनामो किरकिर करायचा. बैलगाडीचा आस कुरकुरला की वंगण घालतात, एवढंच माझं शास्त्र. टायरला घासून फिरणाऱ्या त्याच्या चकतीवर मी पळीभर तेल ओतलं, दिवसाउजेडी चाक फिरवून बघितलं अन् किरकिर थांबली म्हणून स्वतःवरच खूश झाले.

चकती फिरली तरच आतलं लोहचुंबक तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यापाशी फिरतं आणि वीज होते, हे नातीच्या पुस्तकातून फार उशिरा कळलं. तेलानं चकती नुसती घसरत राहिली. सांजेला जवळा बाजार गावाहून येताना दिवा लागलाच नाही. मालक पुलाच्या कडेवरून खाली गेले, मांडीचं हाड मोडलं. तो पाय पुढं आखूडच राहिला.

दिवा सायकलच्या मिस्त्रीनंच बिघडवला असं धरून महिनाभर ते खाटेवरून त्याला शिव्या देत होते. "बरा होऊ दे, त्याचं दुकानच उलथतो." मिस्त्री बिचारा दोनदा भेटायला आला, दोनदा दारातूनच परत गेला. मी चहासुद्धा विचारला नाही. सायकल घरी आल्यावर तेलकट चकती नुसती घसरताना मी बघितली होती; तोंड कुठं होतं मला? तिसऱ्यांदा तो उंबऱ्यात दिसला, तेव्हा त्याच्यादेखत सगळं सांगून टाकलं.

मालकांनी मिस्त्रीला हातानंच आत बोलावलं अन् मला म्हणाले, "येडे, सगळं तेल त्यालाच पाजलं, का माझ्या पायाला चोळायला ठेवलं थोडं?"