थांबलेला धवला

तिला गप्प बसवणं आमच्या गावात कुणालाच जमलं नाही. एकदा मात्र ती आपणहून गप्प बसली आणि अख्ख्या गावाला घाम फुटला.

मांडवात तिने सूर लावला की बंदराच्या रस्त्यावर रांगेत अडकलेल्या ट्रेलरचे ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढायचे. रात्रंदिवस हॉर्न ऐकून ज्यांचे कान बधिर झालेत, अशी ती माणसं! अंगाने काटकुळी, तोंडात कायम मिश्री, आणि बोलणं असं की समोरचा चप्पल शोधायला लागायचा. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं.

आत्या आमची धवलारीण. उरणकडच्या आम्हा आगऱ्यांत लग्न लावते ती बाई. होय, बाई. मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचा वेगळा धवला, म्हणजे वेगळं गाणं. ती गाते तसे बायकांचे हात चालतात, ती थांबली की हातही थांबतात. भटजी येतो तो नंतर, मंगलाष्टकांपुरता. शहरातल्या सभेत मी हे सांगते तेव्हा टाळ्या पडतात. पडू नयेत. कारण ज्या गावात बाई लग्न लावते, त्याच गावात गावकीच्या बैठकीला एकही बाई बसत नाही. आणि नवरा मेलेल्या बाईने हळदीच्या वाटीला हात लावायचा नाही. आत्या स्वतः विधवा होती. तिने हळद गायची, लावायची नाही!

आमचं दोघींचं पहिलं भांडण झालं ते पत्रकावरून. विधवांना शुभकार्यात बाजूला ठेवणाऱ्या रिवाजाविरुद्ध आम्ही चार मुलींनी पत्रक काढलं होतं. मी ते आत्याच्या ओटीवर बसून मोठ्याने वाचलं. तिने मिश्री थुंकली आणि म्हणाली, "चांगला हाय. आता गाऊन दाखव."

"पत्रक गात नाहीत, आत्या."

"मंग बायकांचे ध्यानात कसा रवेल? तुझा कागद उद्या भज्यांखाली जाईल बघ."

मीही ऐकून घेणारी नव्हते. म्हटलं, "तुझ्या गाण्यांत तरी काय आहे? पोरगी इकडून तिकडे नुसती पाया पडत फिरते. सासूच्या पड, दिराच्या पड. ते कडवं आधी काढून टाक."

"कडवा काय माझे बापाचा हाय? आईकडून आयलाय." एवढंच बोलून ती उठून गेली. पण पुढच्या लग्नात ते कडवं आलं आणि तिला जोराचा खोकला लागला. त्याच्या पुढच्या लग्नातही नेमका तिथेच. तिसऱ्या लग्नात बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. खोकून झालं की आत्या माझ्याकडे न बघता पुढचं कडवं उचलायची.

एकदा मी तिला विचारलं, तुझ्या मुलीला हळद कुणी लावली? ती म्हणाली, "सवाशिनींनी लावली. मी गात व्हती. हात हे असे मांडीवर." मग हातांकडे बघत म्हणाली, "तवा सुचला नाय गो. गला माझाच व्हता. थांबवला असता तर?"

तो प्रश्न ती किती वर्षं घेऊन बसली होती मला माहीत नाही. उत्तर तिने माझ्या चुलतबहिणीच्या, प्राजूच्या हळदीत दिलं.

काका ट्रेलरखाली गेला तेव्हा प्राजू शाळेत होती. काकीने ड्रायव्हरांना डबे पुरवून तिला वाढवलं, शिकवलं. आणि हळदीच्या दिवशी ही बाई मागच्या पडवीत कांदे चिरत बसलेली! प्राजू आदल्या दिवशी रडून म्हणाली होती, आईच्या हातची हळद लागली पाहिजे. मी भांडायला निघाले, तर काकीनेच माझा हात धरला. "माझ्यासाठी तोंड उघडू नको. पोरीच्या लग्नात विघ्न नको."

प्राजू पाटावर बसली. पाच सवाशिणींनी वाटीत बोटं बुडवली आणि आत्याकडे बघितलं. आत्याने मिश्रीची डबी कमरेला खोचली, घसा खाकरला आणि विचारलं, "पोरीची आई कुठं हाय?"

बायकांच्या माना पडवीकडे वळल्या. आत्या पुढे बोलली नाही. गायली तर नाहीच.

बोटांवरची हळद सुकायला लागली. गावकीचा अध्यक्ष बाळूशेठ पुढे आला. "आत्या, गा की. मुहूर्त चाललाय."

"जाऊं दे. तुमचाच हाय ना तो?"

डीजेवाल्याने मधेच तोंड घातलं, "आजी, मी लावू का एखादं?"

"लाव ना बाला. तुझे गान्यावर कोन हलद लावतंय ता मना पन बघूं दे."

बायका हसल्या, पण हात कुणाचा हलला नाही. माझ्या तोंडात अख्खं पत्रक आलं होतं. मी पुढे सरकले, तशी आत्या माझ्या अंगावर आली, "तू गप बस! तू बोललीस की ह्यांना भांडाला आयता कारन भेटंल. मंग हलद रवेल बाजूला."

शेवटी काकीच धावत बाहेर आली, कांद्याने डोळे लाल. "आत्या, गा गो. तुझ्या पाया पडते."

"पाया कसाला पडतंस? हात धू नि ये."

काकी जागची हलेना. बाळूशेठ पुटपुटला, "मुलाकडचे काय म्हणतील?" तेव्हा प्राजू पाटावरून उठली. नवरीने हळद लागेपर्यंत उठायचं नसतं. ती उठली, आईला नळावर घेऊन गेली, तिचे हात स्वतः धुतले, तिला परत आणलं आणि ते हात वाटीत बुडवले. काकीची ओली, पिवळी बोटं प्राजूच्या गालाला लागायच्या आत आत्याचा सूर लागला होता. तसा सूर मी आधी कधी ऐकला नव्हता.

आता पुढचं सांगते, कारण अशा गोष्टी इथेच थांबवायची सगळ्यांना खोड आहे. आत्याला लग्नाची बोलावणी यायची बंद झाली. कुणी बहिष्कार म्हटलं नाही. त्याविरुद्ध कायदा आहे, हे गावकीला पक्कं ठाऊक. 'आता कोण ऐकतंय ते जुनं' एवढंच म्हणायचे, हसून. हळदीला नुसता डीजे आणि लग्नाला नुसता भटजी. मी तक्रारीचा मसुदा घेऊन गेले तर ती भडकली. "तकरार करून मना गायला बोलवनार? नि ते रागानी बसलेले मांडवान मी गाऊ?" मला हे अजून पटलेलं नाही. तक्रार करायलाच हवी होती.

ती तळा गावी लेकीकडे राहायला गेली. ती एस्टीत चढताना मी तिला पिशवी दिली. तिने खिडकीतून विचारलं, "पत्रकाला चाल लावलीस का नाय?" गाडी सुटली. पुढे ती तिकडेच वारली. आम्हाला फोनवर कळलं.

परवा बाळूशेठच्या मुलीची हळद होती. त्याची विधवा बहीण, जिने त्या मुलीला लहानाचं मोठं केलं, ती मंडपाच्या कडेला भिंतीला टेकून उभी. सवाशिणींत आता माहेरी आलेली प्राजू होती. तिने वाटीत हात घातला आणि तो तिथेच ठेवला. बाकीच्या चौघींनी तिच्याकडे बघितलं. त्यांचेही हात वाटीतच राहिले.

"काय झालं?" बाळूशेठने विचारलं.

पाचही जणी वाटीकडेच बघत राहिल्या. तो ओरडला, "डीजे, वाजव रे!" डीजे दणाणला. पाचही हात वाटीत. माझ्या पिशवीत नव्या पत्रकांचा गठ्ठा होता आणि जीभ नुसती वळवळत होती. मी दातांखाली दाबून धरली.

डीजेवाल्याने आपणहून आवाज कमी केला. बाळूशेठची बहीण भिंतीपासून सुटली, भावाकडे न बघता मंडपाच्या बाहेर गेली. ती रडायला गेली असं मला वाटलं.

मग नळाचं पाणी पडल्याचा आवाज आला.