इद्रिसचा एकवीस नंबर

इद्रिस वेल्डर तसा कमी बोलणारा माणूस, पण त्या सोमवारी त्याने प्रकाशा गावाजवळच्या साखर कारखान्यातलं बॉयलर हाउस डोक्यावर घेतलं. का घेऊ नये? त्याचं आणि घरातल्या पाच जणांचं पोट त्या नंबरावर चालत होतं.

बॉयलरच्या नळीला जोड कुणीही मारायचा नसतो. परीक्षा पास झालेल्या वेल्डरनेच मारायचा आणि शेजारी आकडे उमटवणाऱ्या लोखंडी पंचाने आपला नंबर ठोकायचा. उद्या जोड फुटून वाफेने कुणी भाजलं, तर बॉयलर तपासणारा सरकारी साहेब तो नंबर वाचून थेट घरी येतो. इद्रिसचा नंबर एकवीस. त्याची बायको हलीमा म्हणायची, या माणसाला पोरांची वयं आठवत नाहीत, एकवीस मात्र झोपेतही आठवतो.

यंदा कंत्राटदार योगेंद्रने नेपाळहून दोन वेल्डर आणले. हात चांगला, पण परीक्षेचा कागद नाही, आणि मजुरी इद्रिसच्या निम्मी. लगेच इद्रिसला सांगणं आलं, तूही निम्म्यावर ये. इद्रिस नाही म्हणाला, तरी योगेंद्रने त्याला काढलं नाही. का काढलं नाही, ते पुढे कळलं. इद्रिसचा राग मात्र त्या दोघांवर निघाला. आठवडाभर त्याने त्यांच्याकडे धड पाहिलं नाही, पाणी मागितलं तरी तोंड फिरवलं. परक्या देशातून येऊन आमच्या पोटावर पाय देतात म्हणजे काय?

म्हणजे काय, हे खरं तर त्याला चांगलं ठाऊक होतं. पंधरा वर्षांपूर्वी तो आखातात गेला तेव्हा त्याच्याकडे तरी कुठे कागद होता? तीन महिने तो जोड मारायचा आणि एक म्हातारा फिलिपिनो वेल्डर त्यावर आपला नंबर ठोकायचा. पुढे इद्रिसला कागद मिळाला, त्याची मजुरी कमी होती, म्हणून कंपनीने म्हाताऱ्याला घरी पाठवलं. जाताना म्हातारा त्याच्याशी बोलला नाही. किती माजोरी माणूस, असं तेव्हा इद्रिसला वाटलं होतं. आता त्याला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि लाजेने राग आणखी वाढत होता.

सोमवारी त्याने आपली हत्यारांची पेटी उघडली तर दोन आणि एकचे पंच उलटे पडलेले. तो तडक नळ्यांपाशी गेला. रविवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, नेपाळ्यांनी अकरा जोड मारले होते आणि प्रत्येकाशेजारी एकवीस ठोकलेला होता.

योगेंद्र शांतपणे अहिराणीत म्हणाला, "तुन्हं काय गयं इद्रिसभाई? जोड पक्का शे."

"पक्का शे, ते माले दखाई ऱ्हायनं. पन मन्हा नही शे."

इद्रिसने ग्राइंडर उचलला आणि अकराही नंबर घासून काढले. दोघांतला थोरला नेपाळी कळवळून म्हणाला, "चाचा, जोड तो अच्छा था."

"जोड को हाथ नहीं लगाया. सिर्फ अपना नंबर निकाला," इद्रिस म्हणाला. आठवड्यात तो त्याच्याशी पहिल्यांदा बोलला.

योगेंद्र आता घायकुतीला आला. बॉयलरचे साहेब उद्या तपासायला येणार, नंबर नसेल तर सगळे जोड कापावे लागणार.

"मंग त्यासनी परीक्षा ले," इद्रिस म्हणाला. "त्यासना नंबर त्यासले दे, आनि मजुरी मन्हाइतली दे. मंग माले काढी टाक, मी एक सबद बोलाव नही."

योगेंद्रला हसू आलं. "तितलीच मजुरी देवानी ते त्यासले इतला दूरथून कसाले आनू?"

नेपाळ्यांना अहिराणी कळत नव्हती. ते दोघांच्या तोंडाकडे बघत उभे होते. इद्रिस त्यांच्याकडे वळला आणि योगेंद्रचं ते वाक्य त्याने हिंदीत सांगितलं, सावकाश, एकही शब्द न गाळता. थोरल्याने हातातला वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला. मग धाकट्याने ठेवला.

साहेब उद्या दहाला येणार होते.