सूज आणि बाळसं

आमच्या घरात मला वैद्यबुवा म्हणतात. बायकोनं ठेवलेलं नाव आहे, आणि ते कौतुकानं ठेवलेलं नाही हे मला पहिल्यापासून माहीत आहे. मी हायस्कुलात मराठी शिकवतो. पण स्टाफरूममध्ये माझी ख्याती निराळीच होती. कुणाला पित्त झालं, कुणाची कंबर धरली, की माझ्याकडे उत्तर तयार असायचं. गुळवेलीचा काढा, शेवग्याच्या पाल्याची भुकटी, भिजवलेले मेथीदाणे. माझ्या ड्रॉवरमध्ये खडू कमी आणि डब्या जास्त. यातल्या कशानं कुणाचं वाईट झालं नाही, आणि बरं झालं का ते मी कधी विचारलं नाही. झालं असं धरूनच चालायचो. उंटावरून शेळ्या हाकायची सवय लागली की खाली उतरून बघायचा कंटाळा येतो.

माझी थोरली बहीण कसबा बावड्यात राहते. आम्ही तिला आक्का म्हणतो. भावजी जाऊन बरीच वर्षं झाली. घरात मुलगा आणि सून, दारात दोन म्हशी. म्हशींच्या धारा आक्काच काढायची. सुनेनं हात लावला तर म्हैस पान्हा चोरते, असं तिचं म्हणणं होतं. मग गुडघे गेले. आधी उजवा, मग दोन्ही. उकिडवं बसता येईना, बसली तर उठता येईना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम दाखवला, आणि पुढं कधीतरी ऑपरेशन करावं लागेल असं सांगितलं. ऑपरेशन हा शब्द ऐकल्यावर आक्कानं गोळ्याही सोडल्या. लंगडत गोठ्यात जायची, प्लास्टिकचं स्टूल घेऊन बसायची, आणि म्हैस बिथरली की रडकुंडीला यायची.

अशा वेळी वैद्यबुवा गप्प कसा बसेल? जयसिंगपूरच्या पलीकडं एका खेड्यात एक माणूस सांधेदुखीवर झाडपाल्याचं औषध देतो, हे मला शाळेच्या शिपायाकडून कळलं. पुढच्या गुरुवारी मी तिथं हजर. दारात तीस-चाळीस माणसं बसलेली. तो माणूस फार बोलायचा नाही, हे मला फार आवडलं. त्यानं कागदाच्या पुड्या दिल्या. सकाळ-संध्याकाळ मधातून घ्यायच्या, आणि पथ्य कडक: वांगं नाही, आंबट ताक नाही, हरभऱ्याची डाळ नाही. आपल्याकडं औषधावर विश्वास बसतो तो पथ्यामुळं. वांगं सोडायला सांगणारा माणूस खोटा असेल असं आपल्याला वाटतच नाही. पुडी उघडून मी चिमूटभर चाखली. सुंठीचा तिखटपणा होता आणि मागून कडवट चव. त्या तपकिरी भुकटीत बारीक पांढरे कण होते. मला ते दिसले होते. खडीसाखर असेल, असं मी माझं मलाच सांगितलं.

आठव्या दिवशी आक्का स्टुलाशिवाय धारेला बसली. पंधराव्या दिवशी पायी बाजारात जाऊन आली आणि मला फोन करून तसं सांगितलं. जोतिबाच्या पायऱ्या ती कुणाचा हात न धरता चढली आणि वरून मला व्हिडिओ कॉल केला. कपाळभर गुलाल लावून हसत होती. मी तो किस्सा स्टाफरूममध्ये किमान दहा वेळा सांगितला असेल. इतका मान मला पंचवीस वर्षांच्या शिकवण्यानं मिळाला नव्हता. दर महिन्याला मी जयसिंगपूरची एस.टी. धरायचो, पुड्या आणायचो आणि बावड्याला पोचवायचो. त्यातली कृतज्ञता मला गोड लागत होती. आज हे लिहिताना लाज वाटते, पण लागत होती हे खरं.

तीन-चार महिन्यांत आक्काचं रूप पालटलं. गाल भरले, चेहरा गोल झाला. तिला भूक चांगली लागायला लागली. एकाच्या जागी दोन भाकरी खायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या की औषध अंगी लागलंय. मीही म्हणालो, "आक्का, बाळसं धरलंयस की." तिनं लाजून पदर तोंडावर घेतला. हाताला नुसतं भांडं घासलं तरी काळंनिळं व्हायला लागलं होतं. त्याचं कारण वय, असं मी निदान केलं.

सहाव्या महिन्यात मी मोठ्या ऐटीत विज्ञानाच्या बाईंना आक्काचे आधीचे आणि आत्ताचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, हे बाळसं नाही, सूज आहे."

दरवर्षी मुलांना मी हाच फरक समजावून सांगतो. एखाद्याची वरवरची भरभराट दिसली की म्हणायचं, ही सूज आहे, बाळसं नव्हे. करा वाक्यात उपयोग. आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या तोंडावर सूज चढलेली मला वाचता आली नाही. बाईंनी सांगितलं की अशा पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉईडच्या गोळ्या कुटून घातलेल्या असतात. आक्काला आधी डॉक्टरांना दाखवा, आणि तुमच्या मनानं काही करू नका, हे त्यांनी दोनदा बजावलं.

मी माझ्याच मनानं केलं. डॉक्टरांकडं जायचं तर भाच्याला सांगावं लागणार, म्हणजे पुड्या कुणी आणल्या, कुठून आणल्या, सगळं निघणार. त्यापेक्षा औषधच बंद करून टाकू, हळूहळू सूज उतरेल, कुणाला कळणारही नाही. मी बावड्याला गेलो आणि आक्काला म्हणालो की त्या माणसाकडची मुळी संपलीय, पुढच्या महिन्यात मिळेल. उरलेल्या पुड्या ओल लागलीय म्हणून मागून घेतल्या आणि स्कूटरच्या डिकीत टाकल्या. तिनं निमूट दिल्या.

पाचव्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला. आक्का गोठ्यात कोसळली होती. आदल्या दिवसापासून उलट्या होत होत्या, अंगात त्राण नव्हतं, तरी धारेला गेलीच. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ती कॉटवर होती, हाताला सलाईन, ओठ पांढरे. रक्तदाब वर येत नव्हता. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, "मावशी, बाहेरचं काही औषध घेत होता का? चूर्ण, पुडी, काहीही?"

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. मग मान हलवली. "न्हाय की. मेथीचं लाडू खातो फक्त." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, मी खातो, मी जातो.

तिनं मला झाकलं होतं. शुद्ध धड नव्हती, पण धाकट्या भावाला बोल लागू नये एवढं तिला सुचलं. शेजारी भाचा उभा होता. मला तोंड उघडायचं होतं, आणि मी म्हणालो, "मेथी उष्ण पडली असंल." हे वाक्य मी बोललो. त्यानंतर खाली कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला.

नातेवाइकांना सांगताना मी अर्धा तास म्हणतो. खरं तर दीड तास गेला. दीड तास वर डॉक्टर कारण शोधत होत्या आणि कारण माझ्या स्कूटरच्या डिकीत होतं. शेवटी भाचा खाली आला, माझ्या समोर बसला आणि रडायला लागला. आईकडं आपलं लक्ष नव्हतं, तिला तशीच धारेला जाऊ दिलं, असं तो म्हणाला. माझ्या वाटणीचा दोष तो अंगावर घेत होता. तेव्हा मात्र मला बसवेना. मी डिकीतून पुड्या काढल्या, वर गेलो आणि डॉक्टरांच्या हातात दिल्या. त्या रागावल्या नाहीत. असं औषध एकाएकी तोडलं की शरीर कोसळतं, हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच म्हणाल्या आणि नर्सला हाक मारून इंजेक्शन सांगितलं. त्यांचं रागावणं मला परवडलं असतं.

आक्का वाचली. आठवड्यानं घरी आली. डॉक्टरांनी स्टेरॉईडच्याच गोळ्या मोजून दिल्या आणि हळूहळू कमी करत आणल्या. चेहरा पूर्ववत झाला, पण साखर वाढली ती राहिली, हाडं ठिसूळ झालीत असंही निघालं. आणि गुडघे पुन्हा होते तिथं आले. भाचा माझ्याशी दोन महिने बोलला नाही. आता बोलतो, पण मामा म्हणत नाही, 'तुम्ही' म्हणतो. माझ्या ड्रॉवरमधल्या डब्या मी टाकून दिल्या. त्या डब्यांत वाईट असं काही नव्हतंच. शेवग्यानं कुणाचं काय बिघडवलं होतं?

आक्काला मात्र मी अजून खरं सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी तिला समजावलं, पण तिला समजलं ते असं: औषध चांगलं होतं, ते तुटलं म्हणून आजारी पडलो. मुळी संपली त्याला तिचा मास्तर काय करणार? मला ती मास्तर म्हणते.

गेल्या रविवारी ठरवूनच गेलो होतो, की आज सांगायचं. मुळी संपली नव्हती, मीच बंद केलं, आणि दवाखान्यात तू मला झाकलंस तेव्हा मी गप्प बसलो. सून गोठ्यात धार काढत होती. आक्का उंबऱ्याशी खुर्ची टाकून तिकडं बघत बसलेली. मी शेजारी बसलो. तिनं आत मुलगा नाही ना ते पाहिलं आणि माझा हात धरला.

"मास्तर, आता मिळत असंल की मुळी. दोन पुड्या आण. कुणाला कळू द्यायचो न्हाय मी."

मी तिच्या गुडघ्यांकडं पाहिलं. सांगायचं सगळं तोंडाशी होतं. सांगितलं असतं तर ती चिडली नसती, हेही मला माहीत होतं. तिनं मला तेव्हाच्या तेव्हा माफ केलं असतं, आणि तीच माफी मला नको होती.

"तो माणूस गेला आक्का," मी ठोकून दिलं.

तिनं हात जोडले. मग पदरानं डोळे पुसले.

"लई गुणाचा माणूस. सा म्हैनं चालवलं त्यानं मला," ती म्हणाली. "मातीला गेलतास का?"

"गेलतो," मी म्हणालो.