निळ्या पेन्सिलची रेघ

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे का, माहीत नाही. रेनातो अंकलना मी जेमतेम दीड वर्ष ओळखत होतो. ज्यांनी त्यांना इटलीच्या डोंगरात गाडी पळवताना पाहिलं, त्यांनी लिहायला हवं. मी पाहिली ती फक्त गॅरेजमध्ये उभी असलेली गाडी. शिवाय आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. कुणी गेल्यावर पेपरात चार शब्द लिहायची वेळ आमच्याकडे कुणावर आलेली नाही. काही चुकलं तर आधीच माफी मागतो. अंकलची मुलगी लुचिया म्हणाली, "शेवटचे महिने तूच बघितलेस, तूच लिही," म्हणून लिहितोय.

ऑगस्टमधल्या त्या दुपारी फोन तिचाच होता, सिडनीहून. लॉकडाऊनमुळे राज्यांच्या सीमा बंद, त्यामुळे तिला येताच आलं नव्हतं. "डॅड गेला," एवढंच बोलली. मी ग्लेन वेव्हर्ली या उपनगरातल्या त्यांच्या घरात, मागच्या खोलीत युनीच्या ऑनलाइन लेक्चरला बसलो होतो. कॅमेरा बंद केला. रडू येईल असं वाटलं होतं, पण आधी सुटल्यासारखं वाटलं... आणि त्याची लाजही वाटली. आता वाटत नाही.

ती खोली मी भाड्याने घेतली तेव्हा पहिल्या दिवशी त्यांना 'सर' म्हणालो. "सर? मी शाळा चालवतो का?" मग 'अंकल' म्हणालो, तर म्हणाले, "तुझ्या बापाचा भाऊ कधी झालो?" मी हळू बोलतो आणि सारखा वाचत बसतो म्हणून माझं नाव त्यांनी 'प्रोफेसर' ठेवलं. त्यांचं ब्रेक दुरुस्तीचं दुकान होतं, ते केव्हाच विकलेलं. त्याआधी ते इटलीत रॅली ड्रायव्हर होते हे मला कळलं ते बाबांमुळे. बाबा लाल परीवर ड्रायव्हर, सातवी शिकलेले, कुंभार्ली घाटात अठ्ठावीस वर्षं बस चालवलेली. एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना अंकल मागून डोकावले आणि मी बाबांचं काम सांगितलं. त्यानंतर फोन माझ्या हातात राहिलाच नाही. बाबा मराठीत, ते इटालियनमध्ये, आणि दोघांचे हात हवेत स्टिअरिंग फिरवतायत. बाबा मला म्हणाले, "त्यांना सांग, उतारावर ज्याला ब्रेक लागतो तो ड्रायव्हर नव्हे, गिअरवर उतरायचं." मी सांगितलं. अंकलनी टेबलावर थाप मारली. "आजपासून मी तुझा अंकल."

मग लॉकडाऊन आला. माझा रेस्टॉरंटमधला जॉब गेला, त्यांचं कॅफेत जाणं बंद झालं. विनाकारण गाडी बाहेर काढायची नव्हती. "उभ्या गाडीला कोण दंड करणार?" असं म्हणून त्यांनी मला गॅरेजमधल्या जुन्या पांढऱ्या गाडीत, डावीकडच्या सीटवर बसवलं आणि मांडीवर एक वही ठेवली. रॅलीत गाडीत दोघं असतात. शर्यतीआधी दोघं रस्ता पाहून येतात. ड्रायव्हर एकेक वळण सांगतो, शेजारचा वहीत लिहितो. शर्यतीत शेजारचा ते वाचतो आणि ड्रायव्हर न दिसणाऱ्या वळणावर त्याच्या शब्दावर गाडी घालतो. उजवं म्हणजे 'देस्त्रा', डावं 'सिनिस्त्रा'. आकडा एक म्हणजे जवळजवळ थांबावं असं वळण, पाच म्हणजे वेग कमी करायचाच नाही. अक्षर ओळखून वाचायला मी महिन्याभरात शिकलो, अर्थ मात्र या चाळीसेक शब्दांपलीकडे कळायचा नाही. अंकल डोळे मिटून स्टिअरिंग धरायचे. "मोठ्यानं, प्रोफेसर! उशीर! वळण गेल्यावर सांगून काय उपयोग? आता आपण दोघं दरीत." दरीत आम्ही रोज जायचो आणि चहाला परत यायचो.

त्या सगळ्या वह्या पिएरो नावाच्या त्यांच्या जोडीदाराने लिहिलेल्या होत्या. दोघांनी आठ वर्षं एकत्र शर्यती केल्या, काही जिंकल्याही. शेवटच्या शर्यतीत एका चॅपलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, पुढे गाडी खाली दरीत गेली आणि पिएरोंचा पाय मोडला. अंकलनी बातमीदारांना सांगितलं, "मी दोन सांगितलं होतं, त्यानं पाच वाचलं." पिएरोंनी उलट काहीच म्हटलं नाही. हॉस्पिटलमधून वह्यांचं गाठोडं पाठवून दिलं, त्यासोबत एक ओळ नाही. पुढे त्यांना कुणीही शेजारी बसवलं नाही. गावात सायकलचं दुकान टाकलं म्हणे. अंकल आणखी दोन वर्षं पळवत राहिले, पण दुसऱ्या कुणाच्या आवाजावर त्यांचा विश्वास बसेना. मग बहिणीमागून ते ऑस्ट्रेलियात आले. हे सगळं त्यांनी मला चिडूनच सांगितलं होतं, कालच घडल्यासारखं.

मे महिन्यात एकदा खोक्याच्या तळातली, तपकिरी कागदात बांधलेली वही मी काढली. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. चार पानं छान गेली. मग चॅपल आलं आणि मी अडखळलो. 'देस्त्रा'पुढचा पिएरोंच्या बारीक अक्षरातला 'दोन'चा आकडा जाड निळ्या पेन्सिलने खोडला होता, वर मोठा 'पाच'. ती निळी पेन्सिल कुणाची ते मला माहीत होतं. आमच्या फ्रिजवरची किराण्याची यादीसुद्धा तिनेच लिहिलेली असायची.

"उशीर! पुढे दोन आहे. वाच!"

"अंकल... इथं..."

"जे लिहिलंय ते वाच."

"देस्त्रा... पाच."

त्यांनी डोळे उघडले, वही घेतली आणि ते त्या रेघेवरून अंगठा फिरवत राहिले. "पहिल्या नंबरपासून आम्ही थोडेच मागे होतो," ते म्हणाले. "मीच केलं हे." त्या दिवशी चहा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिएरोंना पत्र लिहिलं. त्यांच्या इटलीतल्या चुलतभावाकडून कळलं की पिएरो वृद्धाश्रमात आहेत आणि तापाने आजारी आहेत. तेव्हा इटलीतून काय बातम्या येत होत्या ते वाचकांना आठवत असेल. पत्राचा फोटो काढून मी आश्रमाला ईमेल केला. उत्तर नाही. दर आठवड्याला करत राहिलो. अंकल रोज सकाळी एकच विचारायचे, "काही?" माझ्या मनात एकच यायचं... मी ती वही काढली नसती तर हा माणूस चिडलेला का होईना, पण निवांत राहिला असता. जुलैअखेर त्यांचं हृदय थकलं. अँब्युलन्स आली, आणि हॉस्पिटलमध्ये कुणालाच जायची परवानगी नव्हती.

पिएरोंचं उत्तर आलं त्याच सकाळी हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला. "बोलायचं असेल तर आत्ताच बोल. मी फोन त्यांच्या कानाशी धरते." माझ्यासमोर कागदाचा फोटो होता, वह्यांतलं तेच बारीक अक्षर, आता थरथरणारं. त्यात काय आहे, माफी की शिवी, मला कळत नव्हतं. अर्थ शोधायला वेळ नव्हता. मी गॅरेजमध्ये गेलो, डावीकडच्या सीटवर बसलो आणि मोठ्याने वाचलं, एकही शब्द न समजता, न थांबता. पलीकडून आधी खोकला आला. मग खोकल्यातून हसू आलं.

"वेळेत सांगितलंस, प्रोफेसर."

तिसऱ्या दिवशी ते गेले. वही अजून त्या सीटवरच आहे. पोस्टात इटलीची पार्सलं घेणं पुन्हा सुरू झालं की पहिली तीच पाठवायची आहे. पत्रात काय होतं ते लुचियाने मला नंतर सांगितलं:

"रेनातो, तू ती रेघ मारलीस तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. पाच चूक आहे हे मला कळत होतं. बोललो नाही, कारण मलाही जिंकायचं होतं. ताप उतरला आहे, आज सूप प्यायलो. वही पाठवून दे. तो दोन मी पुन्हा माझ्या हातानं लिहितो."