स्कॅनर स्वतःला कीबोर्ड म्हणवतो

“कुंदाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा.”

“सांगतो सर. चष्मा लागलाय तिला, पण घालायची लाज वाटते.”

पार्टिशनपलीकडे लॅबचे डॉक्टर आणि मॅनेजर बोलत होते. अलीकडे टेबलाखाली मी केबल तपासत होते. मी तिथे आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं. सहसा कुणाच्या नसतंच.

पनवेलच्या या पॅथॉलॉजी लॅबचे कॉम्प्युटर मी सांभाळते. सगळे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. आदल्या दिवशी विचुंब्याच्या एका आजोबांना दुसऱ्याच कुणाचा शुगर रिपोर्ट गेला. तो पाहून त्यांचं इन्सुलिन वाढवलं गेलं. आजोबा आयसीयूत होते. टेक्निशियन कुंदाताईंनी रक्ताच्या नळीवरचा नंबर हाताने टाकला होता, त्यात एक आकडा चुकला.

पण हाताने का? बारकोड स्कॅनर समोरच होता. मी एक रिकामी फाइल उघडून तो चालवला. आकडे देवनागरीत उमटले. लॅबचं सॉफ्टवेअर ते घेत नाही.

स्कॅनर जोडला की लिनक्स त्याला आपोआप ओळखतं, पण कीबोर्ड म्हणून. तो आकडे पाठवत नाही, कुठली बटणं दाबली तेवढंच कळवतो. रिसेप्शनला पेशंटची नावं मराठीत हवी होती, म्हणून मी सेटिंगच्या फाइलमध्ये नियम लिहिला होता: कीबोर्ड दिसला की मराठी. कुठला कीबोर्ड, ते लिहिलं नाही. तीच फाइल सगळ्या मशीनवर टाकली. कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातले आकडे मात्र इंग्रजीच राहतात. नंबर त्यांवरून हाताने टाकत लॅबचं काम चालून गेलं.

कुंदाताई नळ्या लावत होत्या. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, “मॅडम, सोमवारी फोन केलेला ना तुमाला, स्कॅनर चालत नाय म्हणून. तुमी बोललात, तोवर हातानं टाका.”

मला आठवलं. मी तेव्हा जेवत होते.

“मी नाय सांगितलं कोणाला. तुमी नवीन हाय.”

नियमात रिसेप्शनच्या कीबोर्डचं नाव घातलं. एका ओळीचं काम. स्कॅनर नीट चालू लागला. आधी काय बिघडलं होतं, हे आता बघून कुणाला कळलं नसतं. मशीनने आपोआप ओळखलेली वस्तू आपण एकदा स्वतः चालवून बघावी, एवढंच मी यातून शिकले. ते त्या आजोबांच्या काही उपयोगाचं नाही.

मी डॉक्टरांच्या केबिनचं दार वाजवलं. वाक्य आधी इंग्रजीत जुळवलं होतं. ते आठवेना.

“सर, स्कॅनर माझ्यामुळे बंद होता. हाताने टाका, हे कुंदाताईंना मीच सांगितलं होतं.”