संगमनेरला खारं पाणी

"बाई, टाकीत निम्मंच पाणी उरलंय!" ड्रायव्हर व्हॅनमधून ओरडला.

साल १९७१. मी मुंबईच्या एका मत्स्यालयात टेक्निकल असिस्टंट होते. समुद्र जपायचा तर तो आतल्या जिल्ह्यांनाही कळला पाहिजे, असं वरून ठरलं आणि आमचं प्रदर्शन संगमनेरला निघालं. तेलाने काळ्या पडलेल्या किनाऱ्यांचे फोटो, पिल्लंसुद्धा अडकतील अशी बारीक भोकांची जाळी आणि काचेच्या टाकीत सहा पट्टेरी मासे, चार शंखातले खेकडे. कसारा घाटात टाकीचा सांधा सुटला. सुटलेली जागा मी मेणाने बुजवली, पण पाणी गेलं ते गेलंच.

पोचलो तेव्हा बारा वाजले होते. चारला उद्घाटन.

आमच्याबरोबर आलेले वरिष्ठ, प्रधान साहेब म्हणाले, "विहिरीचं पाणी भरा."

"सर, गोड्या पाण्यात हे जगणार नाहीत."

"मग मीठ टाका."

"किती?"

खडेमीठ ओलं असतं, वजनावर भरवसा नाही. पाण्याचा खारेपणा हायड्रोमीटरने मोजतात; काचेची नळी पाण्यात तरंगते, पाणी जितकं खारं तितकी वर राहते. माझी नळी घाटातच फुटली होती.

बादल्या मागायला मी शेजारच्या दूध संकलन केंद्रात गेले. तिथले टेस्टर गुंजाळ आण्णा दुधाचा दाटपणा मोजायला त्यात तशीच काचेची नळी सोडत होते. मी जागीच थांबले.

"आण्णा, ही तासभर द्याल?"

"लॅक्टोमीटर हाय बाई. दुधाचा हाय, मासळीचा न्हाई."

मी सगळं सांगितलं. ते उठले. "इन्स्ट्रुमेंट मी कुनाच्या हाती देत न्हाई. मीच येतो."

आधी टाकीतलं उरलेलं पाणी मोजलं. नळीवरचा आकडा पंचवीस. मग पिंपात विहिरीचं पाणी घेऊन मीठ विरघळवत गेलो. अठरा. बावीस. सत्तावीस! पुन्हा थोडं पाणी. पंचवीस.

"दूध अठ्ठावीसच्या वर पायजे, असलं पातळ कुनी आनलं तर मी परत धाडतो," आण्णा म्हणाले.

नवं पाणी टाकीत मगाने, थांबून थांबून ओतलं. चारही खेकडे शंखात शिरले आणि बाहेर येईनात. साडेतीनला एकाने पाय बाहेर काढला. मी हातातला मग खाली ठेवला.

चारला ही गर्दी! एका शेतकऱ्याने विचारलं, "खरं समुद्राचं पानी हाय का?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"निम्मं समुद्राचं, निम्मं संगमनेरचं," मी म्हणाले. लोक खूश झाले.

प्रदर्शन दोन दिवस चाललं आणि दोन्ही दिवस आण्णा टाकीपाशीच उभे. बारीक जाळीचं तर त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं समजावलं: "कालवड व्यायच्या आधीच मारली तर दूध कुठनं येनार? मासळीचंबी तसंच हाय."

दहाही जीव मुंबईला सुखरूप परतले. साहेबांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, "पाण्याची स्थानिक व्यवस्था करण्यात आली."

नव्या असिस्टंटला मी मात्र एवढंच सांगत असे: परगावी गेलात की आधी तिथं कोण काय मोजतं ते विचारून ठेवा.