मुरड जरा जास्तच पडली

माझ्या हातून आजवर एकही हरीण मेलेलं नाही, आणि त्यात माझ्या दयाळूपणाचा काडीचाही संबंध नाही.

सत्तरच्या दशकात मी कॅनडात, किचनर शहरातल्या एका कारखान्यात इंजिनिअर होतो. फोरमन बर्ट आणि त्याचे दोन दोस्त दर नोव्हेंबरात शिकारीला जायचे आणि मग वर्षभर लंचच्या टेबलावर तेच चघळायचे. मी कोपऱ्यात एकटा पोळीभाजी खायचो. मला त्या टेबलावर जागा हवी होती, बस्स! (हरीण कोणाला हवंय? मी अंडंसुद्धा बायकोला विचारून खातो.)

म्हणून रायफल घेतली, तीही त्यांच्याच रायफलींच्या मापाची, आणि ठोकून दिलं, "दुकानची काडतुसं कसली आणता? घरीच ठेवा. चौघांची मी भरतो!"

बेसमेंटात कारखाना थाटला. वापरलेली पितळी काडतुसं बायकोनं, सुमननं, चिंच लावून लखलखीत घासून दिली. मग मी बंदुकीची दारू किंचित कमी-जास्त करून भरायची, नेमबाजीच्या रेंजवर जाऊन कागदावर गोळ्या झाडायच्या, ग्राफ काढायचा. महिन्याभरानं पाच गोळ्या रुपयाएवढ्या जागेत बसल्या. मी हवेत!

तिथंच थांबलो असतो तर! पण गोळी बसवल्यावर काडतुसाचं तोंड हलकेच दाबून घेतात, त्याला क्रिम्प म्हणतात. निघायच्या आदल्या दिवशी डोक्यात आलं, गाडीत गोळी हलली तर? मग काय, भरलेल्या साठच्या साठ काडतुसांना दिला आणखी एक दणका!

"अहो, करंजीला मुरड घालताना एवढं दाबलं तर करंजीचा आकारच जातो," सुमन म्हणाली.

"हे इंजिनिअरिंग आहे. तू करंज्या बघ!"

जंगलात पोचल्यावर बर्टनं विचारलं, "रायफलमध्ये एकदा घालून बघितलंस ना?"

"ग्राफ बघितलास ना?" मी फणकारलो.

सकाळी वीस पावलांवर धिप्पाड हरीण! बर्टनं काडतूस घातलं, ते अर्ध्यात अडकलं. जास्त दाबल्यामुळे प्रत्येक काडतुसाच्या खांद्याशी, म्हणजे ते निमुळतं होतं तिथे, केसभर फुगवटा आला होता. खटक! खटक!

"दुसरं दे!"

"हेही जात नाही रे!"

"दुकानची कुठायत?"

"ह्या शहाण्यानंच घरी ठेवायला लावली!"

हरीण चक्क थांबून आमची फजिती बघत होतं. शेवटी कंटाळून निघून गेलं. परतताना चार तास मी गाडीत काडतुसांचा डबा मांडीवर घेऊन बसलो. मला रडू यायचं बाकी होतं. आता जन्मभर कोपरा!

पुढच्या नोव्हेंबरात बर्ट स्वतः माझ्या कोपऱ्यात आला. "येतोस ना शिकारीला?"

माझा ऊर भरून आला. "येतो की! काडतुसं मी..."

"हात लावायचा नाही!"

"मग मी काय करू?"

"नुसता पुढे उभा राहा. इतकं जवळ आलेलं हरीण मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. तू दिसलास की हरणांना अगदी निर्धास्त वाटतं."

कोणाही स्वाभिमानी माणसानं तिथल्या तिथे खडसावलं असतं. मी विचारलं, "किती वाजता उभं राहायचं?"